एकटं ठेवलं की कुत्रं घर डोक्यावर घेतं: कुठून तपासायला लागायचं

"तुम्ही बाहेर पडलात की तुमचं कुत्रं तासभर रडत असतं." शेजाऱ्यांकडून हे ऐकेपर्यंत बहुतेकांना काही बिघडलंय याचा पत्ताच नसतो. कसा असणार? आपण घरात असतो तेव्हा ते शहाण्यासारखं पायाशी मुटकुळं करून पडलेलं असतं.

मी दत्तक जाईपर्यंतची कुत्री घरी सांभाळते. एकाला कायमचं घर मिळालं की दुसरं येतं. त्यातली बरीच याच तक्रारीपायी आधीच्या घरातून परत आलेली असतात, त्यामुळे हा एक बिघाड मी पुन्हा पुन्हा निस्तरलाय. काही महिन्याभरात सावरली, एकीला आठ महिने लागले, आणि एकाच्या बाबतीत मी चुकीच्या टोकाने सुरुवात करून सहा आठवडे वाया घालवले. खालचा क्रम त्या चुकीनंतर ठरला. आधी फुकटच्या आणि अर्ध्या तासाच्या तपासण्या, मग खिशाला हात घालायला लावणाऱ्या, आणि शेवटी चिकाटीचा अंत बघणारी.

लक्षणं

दाराची चौकट, उंबरा किंवा खिडकीची जाळी ओरबाडलेली, कुरतडलेली. सतत भुंकणं, किंवा तोंड वर करून लांबलचक विव्हळणं. शी-शूची सवय पक्की असूनही तुम्ही नसतानाच घरात घाण. फरशीवर लाळेचं थारोळं, छातीवरचे केस ओले. वाडग्यातलं खाणं जसंच्या तसं, आणि तुम्ही आत पाऊल टाकल्यावर दोन मिनिटांत फस्त. तुम्ही चपलांकडे वळलात की धापा, थरथर, पायात घोटाळणं.

नुकसान किती झालंय यापेक्षा कुठे झालंय ते बघा. उशी फाडली, कचऱ्याचा डबा उलथला, बूट चघळला, तर बहुधा वेळ जात नव्हता. सगळा राग दारावर आणि खिडकीवरच निघाला असेल तर तो राग नव्हे. बाहेर पडायची धडपड आहे ती.

काही कुत्री आवाज करत नाहीत, काही तोडतही नाहीत. नुसती दाराकडे तोंड करून दोन-तीन तास धापा टाकत उभी राहतात. त्यांची तक्रार कोणीच करत नाही, म्हणून ती सगळ्यात उशिरा सापडतात.

तपासायला लागण्याआधी एक गोष्ट. नखं रक्तबंबाळ होत असतील, दात तुटला असेल, उंचावरच्या खिडकीतून उडी मारायचा प्रयत्न झाला असेल, तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा, त्याला एकटं ठेवणं आजपासून बंद करा आणि पशुवैद्यांना फोन करा. तसंच, पाच-सहा वर्षं निवांत राहिलेलं कुत्रं एकाएकी असं वागायला लागलं तर थेट सातव्या तपासणीवर जा.

१. मोबाइल लावून बाहेर पडा

जुना फोन कपाटावर टेकवा, दार आणि त्याची झोपायची जागा दोन्ही दिसतील असा. रेकॉर्डिंग सुरू करा आणि रोजच्यासारखे निघून जा. चाळीस मिनिटं पुरतात, पण जमलं तर तुमच्या नेहमीच्या गैरहजेरीइतकं होऊ द्या.

ही तपासणी पहिली, कारण बाकी सगळं हिच्यावर टेकलेलं आहे. आपण परत येतो तेव्हा दिसतो तो फक्त निकाल. खेळ कसा झाला ते कॅमेरा सांगतो. एकटेपणाची भीती असलेलं कुत्रं सहसा पहिल्या अर्ध्या तासात, पुष्कळदा तुम्ही अजून जिन्यात असतानाच, अस्वस्थ होतं. कंटाळलेलं कुत्रं आधी मस्त झोप काढतं आणि मग उद्योगाला लागतं.

भुंकणं सोडून बारीक गोष्टी टिपा. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, गारव्यातही धापा, शेपूट पोटाखाली, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं. यातलं पहिलं चिन्ह कितव्या मिनिटाला, खरं तर कितव्या सेकंदाला दिसलं, तो आकडा लिहून ठेवा. आठव्या टप्प्यावर लागणार आहे.

आता ते वाया गेलेले सहा आठवडे. गोट्या नावाचा एक थोराड, जरा बावळट कुत्रा माझ्याकडे होता. दुपारी घरी यावं तर दाराच्या खालच्या फळीचा भुसा पडलेला. एकटेपणाची भीती, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं आणि रोज दाराबाहेर पाच सेकंद, दहा सेकंद असा सराव सुरू केला. सरावात गोट्या माझ्याकडे बघायचाही नाही. फळीचा भुसा मात्र चालूच. शेवटी कॅमेरा लावला. साडेनऊला मी बाहेर पडले, साहेब दहा मिनिटांत घोरायला लागले. बरोबर अकराला कोपऱ्यातल्या रोबो व्हॅक्यूमने टिंग केलं, दिवा लावला आणि घरभर फिरायला लागला. घरात कोणी नसताना झाडलोट उरकावी म्हणून तो मीच अकराला लावून ठेवला होता! गोट्या आधी सोफ्याच्या पाठीवर चढला, तिथून खाली पडला, मग दाराशी जाऊन जीव खाऊन खणायला लागला. मशीनची वेळ मी काढून टाकली. आठवड्याभराने तो अकराच्या सुमाराला डोकंही वर करेना.

२. पोट आणि घड्याळ

पिल्लाचं वय महिन्यांत घ्या, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तितके तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तासांपलीकडे ठेवून घर ओलं झालं तर त्यात मानसशास्त्र काही नाही. मोठ्या कुत्र्यालाही आठ-दहा तास म्हणजे सत्त्वपरीक्षाच. निघण्याआधी बाहेर नेऊन आणलं होतं का, खाणं किती वाजता झालं, एवढं बघा आणि पुढे चला.

३. त्याच्या कानांनी ऐका, त्याच्या उंचीवरून बघा

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत. म्हणजे आपल्याला शांत वाटणारं घर त्याच्यासाठी शांत असेलच असं नाही. बॅटरी उतरल्यावर अधूनमधून टिक करणारा धुराचा अलार्म, लिफ्टची मोटार, वरच्या मजल्यावरचं ड्रिल हे सगळं तुम्ही घरात असताना ते तुमच्या भरवशावर सोसतं. तुम्ही नसताना भरवसा गेलेला असतो.

रेकॉर्डिंगमध्ये भुंकणं सुरू होण्याच्या आधीचे दहा सेकंद आवाज वाढवून ऐका. दर वेळी तिथे पावलांचा किंवा बेलचा आवाज सापडत असेल तर सुटलात. झोपायची जागा दारापासून लांब हलवा, पडदा ओढा, खिडकीच्या काचेला खालच्या अर्ध्या भागात धूसर कागद चिकटवा, पंखा चालू ठेवा. पण एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. चार गोष्टी एकदम बदलल्या की बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यातून सुरुवात.

४. दिवसभरात त्याला करायला काय आहे?

"आम्ही रोज तासभर पळवतो हो!" हे मला फार ऐकवलं जातं. पळवणं चांगलंच, पण कुत्र्याचं डोकं नाकात असतं. पट्टा खेचत भरभर चालवलेल्या तासापेक्षा हुंगत हुंगत केलेली वीस मिनिटं त्याला जास्त निवांत करतात. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली याची गमतीशीर चाचणी प्रसिद्ध केली. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायला लावलं, बाकीच्यांना मालकाच्या पायालगत चालायला. त्याआधी आणि नंतर सगळ्यांसमोर एक वाडगा ठेवला, ज्यात खाऊ असेल की नसेल हे सांगता येऊ नये अशा जागी. हुंगणारी कुत्री नंतर त्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल या आशेने. पायालगत चालणाऱ्यांच्यात असा फरक पडला नाही.

तेव्हा जेवण वाडग्यात घालण्याऐवजी गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत विखरून द्या. आठवडाभर हे केल्यावर उशा वाचायला लागल्या तर बिघाड कंटाळ्याचा होता.

याच टप्प्यावर एक स्वस्त परीक्षा करता येते. निघताना त्याला अगदी जीव की प्राण असलेला खाऊ ठेवा. परत आल्यावर तो तसाच असेल तर भीती खरी आहे, कारण घाबरलेल्या जिवाला भूक लागत नाही. उलटं मात्र धरून चालू नका. खाऊ संपेपर्यंत चाटत बसायचं आणि शेवटचा कण संपला की विव्हळायला लागायचं, अशीही कुत्री मी पाहिली आहेत. म्हणून इथेही कॅमेरा हवाच.

५. आपलंच काही चुकतंय का

हा भाग कोणालाच आवडत नाही.

"त्याला बरोबर कळतं हो, आम्ही आलो की मान खाली घालून कोपऱ्यात बसतो." होरोविट्झबाईंनीच २००९ साली हा अपराधी चेहरा तपासला होता. १४ कुत्री, समोर खाऊ, मालकाने 'खायचं नाही' म्हणून बाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. निघालं असं की मान खाली जाणं, कान पाडणं हे खाऊ खाल्ला की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. निरपराध असून बोलणी खाल्लेल्यांचा चेहरा तर सगळ्यात जास्त 'अपराधी'. तो चेहरा कबुलीजबाब नसून तुमच्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे.

त्यामुळे आल्या आल्या ओरडलात तर कुत्र्याच्या हिशेबात दोन भीती जमा होतात. माणूस जातं ही एक, आणि माणूस परत येतं ही दुसरी. मग ते तुमची पावलं वाजली की आणखी बिथरतं. सूड, खोडी, 'मुद्दाम करतो' हे शब्द घरातून हद्दपार करा. निमूट फरशी पुसा. एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा, अमोनियाच्या नको, कारण त्याला लघवीसारखाच वास येतो.

भुंकलं की झटका देणारे किंवा फवारा मारणारे पट्टे: मी हात जोडते, नको. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर या पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१च्या भूमिकापत्रात शिक्षेच्या साधनांऐवजी बक्षिसाच्या पद्धतीच वापरायला स्पष्ट सांगितलंय. शेजारी शांत होतील, कुत्रं होणार नाही. माझ्याकडे असं एक आलं होतं. भुंकायचं थांबलं होतं आणि स्वतःचा पुढचा पाय हाडापर्यंत चाटायला लागलं होतं.

एक जुना सल्ला अजून फिरतो: घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. वाढत नाही. भीती ही काही बसण्या-उठण्यासारखी शिकवलेली करामत नव्हे, की खाऊ मिळाला म्हणून ती जास्त करेल. घाबरलं असेल तर खुशाल जवळ घ्या. निघताना रडारड करू नये एवढं मात्र खरं. 'येते गं' म्हणावं आणि निघावं.

६. पिंजरा

लहानपणापासून ज्याला पिंजरा म्हणजे आपलं बीळ वाटतं त्याच्यासाठी ठीक. घाबरणाऱ्या कुत्र्याला कोंडलं तर नुकसान दाराऐवजी दातांचं होतं. पिंजऱ्यात आणि बाहेर असं एकेक रेकॉर्डिंग करून बघा. बाहेर कमी त्रास होत असेल तर पिंजऱ्याचं दार काढून ठेवा. विषय संपला.

७. आता डॉक्टर

इथवर पैसे लागले नव्हते. आता लागतील, पण आधीचं काम वाया गेलेलं नाही, कारण डॉक्टरांना दाखवायला हातात व्हिडिओ आहे.

शरीर तपासायचं ते यासाठी: दुखणं असलेला प्राणी एकटेपणा, आवाज, अनोळखी माणूस सगळंच कमी सोसतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनिअल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांत, हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत कुठली ना कुठली वेदना असते. सांधे, दात, कान, कातडी, पोट. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा आजार असेल तर घरात लघवी होणारच, मग तुम्ही असा की नसा. म्हातारं कुत्रं रात्री घरभर फिरत असेल, कोपऱ्यात अडकून उभं राहत असेल, ओळखीच्या दाराच्या उलट्या बाजूला जाऊन थांबत असेल, तर तो मेंदूच्या म्हातारपणाचा भाग असू शकतो. त्यावर उपचार आहेत, दाराचा सराव हा त्यातला नव्हे.

जाताना दोन व्हिडिओ न्या. एक एकटं असतानाचा. दुसरा घरात साधं चालताना, बसून उठताना, जिना चढतानाचा. दवाखान्यात गेल्यावर ताणामुळे लंगडणारं कुत्रंही सरळ चालतं, आणि डॉक्टरांना जे दिसत नाही ते शोधायचं कसं? त्रास कधीपासून, त्याच सुमाराला घरात काय बदललं, तेही लिहून न्या. घर बदललं, कोणी गेलं, बाळ आलं, कामाची वेळ बदलली. २०२०च्या टाळेबंदीत घेतलेल्या कितीतरी पिल्लांना पहिली दोन वर्षं 'रिकामं घर' ही गोष्टच माहीत नव्हती.

८. सेकंदांचा सराव

बाकी सगळं तपासून झालं, शरीर ठणठणीत आहे, आणि व्हिडिओत तुम्ही गेल्या गेल्या भीती दिसतेय. तर हा टप्पा. सगळ्यात अवघड, आणि खऱ्या सेपरेशन अँग्झायटीवर, म्हणजे एकटेपणाच्या भीतीवर, सगळ्यात जास्त भरवशाचा.

यातली तत्त्वाची गोष्ट जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली ती अशीच. ससा आधी लांब, मुलाला चालेल इतका लांब, आणि समोर आवडीचा खाऊ. मग रोज थोडा जवळ. आपल्या बाबतीत ससा म्हणजे बंद दार.

पहिली अट ऐकूनच बरेच जण माघार घेतात. सराव चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. एकदाही नाही. सकाळी दहा सेकंद शिकवायचे आणि दुपारी चार तास कोंडून जायचं, म्हणजे भरलेल्या घागरीला खाली भोक. नातेवाईक, मित्र, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, पाळणाघर, सोबत घेऊन जाणं, घरातल्यांच्या पाळ्या लावणं, काय वाटेल ते. हे जमवाजमवीचं काम सरावापेक्षा कठीण आहे हे मला माहीत आहे. तरी आधी हेच.

दुसरी पायरी, निघण्याच्या खुणा बोथट करणं. किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घाला आणि भाजी चिरा. दिवसातून पाच-सात वेळा, सहज. किल्ल्यांचा आवाज झाला तरी काही घडत नाही, हे त्याच्या लक्षात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मग दार. पहिल्या रेकॉर्डिंगमधला तो आकडा काढा. पहिलं चिन्ह ४० सेकंदांवर दिसलं होतं? सुरुवात २० वर. चार सेकंदांवर दिसलं होतं? मग बाहेर पडायचंच नाही, नुसता दाराच्या कडीला हात लावून परत यायचं. फोनवर थेट बघत राहा आणि घाबरायच्या आत परत या. घाबरल्यावर नाही. मुद्दा त्याला सोसायला लावण्याचा नसून, सोसावंच लागू नये याचा आहे.

वेळ रोज चढत नेऊ नका. दर खेपेला जास्तच होतंय हे कुत्र्याला चटकन कळतं आणि ते आधीच धास्तावतं. ५, २०, ८, ३०, ३ असं वरखाली. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या, मधे ते पुन्हा आडवं होईपर्यंत थांबा. दिवसाला एकच बैठक, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी, तुम्हालाही.

सरावात खाऊ ठेवायचा की नाही यावर मतं दोन आहेत. मी ठेवत नाही. भरलेलं खेळणं पुढ्यात आलं की 'आता ही जाणार' अशी ती नवी खूण होऊन बसते, आणि चाटण्याच्या नादात कुत्रं शांत दिसतं तेव्हा खरा आकडा झाकला जातो.

जिला आठ महिने लागले त्या बिजलीच्या वहीतली काही पानं, अंदाज यावा म्हणून:

*दिवस १. कडी वाजवली. मान वर. पुन्हा खाली. पाच वेळा, बस.*

*दिवस ९. बाहेर ८ सेकंद. उठून दाराशी आली, शेपूट खाली. जास्त झालं. उद्या ३.*

*दिवस २३. ४० सेकंद. जागची हलली नाही, कान मात्र दाराकडे.*

*दिवस ६१. ११ मिनिटं. एक जांभई. कूस बदलली.*

*दिवस ११४. ३५ मिनिटं. घोरतेय. जिन्यात बसून मलाच डुलकी लागली.*

पहिली तीस-चाळीस मिनिटं सर व्हायला चार महिने. पुढचा पल्ला मात्र भराभर पडला, कारण इतका वेळ निवांत राहिलेलं कुत्रं बहुधा झोपलेलं असतं. असं जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत बघितलंय. सुरुवातीचे सेकंद महाग, नंतरचे तास स्वस्त.

सोबतीला दुसरं कुत्रं आणावं का? त्याची भीती 'कोणीच नाही' याची असेल तर उपयोग होऊ शकतो, 'तू नाहीस' याची असेल तर नाही. मित्राचं शांत कुत्रं एक दिवस ठेवून रेकॉर्ड करा, मग ठरवा. नाहीतर दोन कुत्री विव्हळताना ऐकायची तयारी ठेवा. टीव्ही लावून जाणं: अपाय नाही, बाहेरचे आवाज दबतात इतकंच.

९. औषध

चार-सहा आठवडे इमानाने सराव करूनही आकडा हलत नसेल, किंवा कडीला हात लावताच कुत्रं थरथरत असेल, तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल बोला. ही हार नव्हे. भीतीने भरलेल्या डोक्यात शिकवण शिरतच नाही, औषधाने तिला जागा होते. अमेरिकेच्या एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने कुत्र्यांच्या एकटेपणाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामिन १९९८ साली आणि फ्लुओक्सेटीन २००७ साली मंजूर केलं, तेही वर्तनाच्या सरावासोबत द्यायचं म्हणूनच. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून थांबवू नका, आणि नंतरही मनाने एकदम बंद करू नका.

माणसाच्या कपाटातली गोळी कधीही नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक आहे, पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं, आणि माणसांसाठीच्या काही गोड पातळ औषधांत झायलिटॉल असतं, तेही कुत्र्याला विषारी. नुसती गुंगी आणणारं औषध दिलं तर कुत्रं हलत नाही, पण आतून तितकंच घाबरलेलं असू शकतं. 'शांत पडून असतो' एवढ्यावर समाधान मानू नका.

इथे थांबा, फोन करा

स्वतःला इजा, चावा किंवा चावायचा प्रयत्न, लघवीत रक्त किंवा लघवीला पुन्हा पुन्हा बसणं, तुम्ही घरात असूनही दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, झटके: यात घरगुती प्रयोग करायचे नाहीत, त्याच दिवशी पशुवैद्य. आठ टप्पे करून अडकलात तर वर्तनाचं शिक्षण घेतलेले पशुवैद्य गाठा, किंवा त्यांच्यासोबत काम करणारा प्रशिक्षक. प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: "कुत्रं घाबरलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात 'दाखवून द्यायचं कोण मालक आहे' अशा अर्थाचं काही आलं की नमस्कार करून उठा.

मांजरवाले विचारतात, आमच्यासाठीही हेच का? पहिली आणि सातवी तपासणी, हो. तुम्ही गावाला गेलात की मांजर तुमच्याच गादीवर शू करतं ते रागाने नाही, तुमच्या वासात आपला वास मिसळला की त्याला बरं वाटत असावं. ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हे पक्कं आहे. पण बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाऊन जोर करतोय आणि थेंबही पडत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मागे गेलात तर

जाणारच. एकशे तिसाव्या दिवशी मी बाहेर असताना जोराचं वादळ झालं, वीज गेली, आणि बिजली पुन्हा दाराशी. पन्नास मिनिटांवरून थेट पाचवर आले. चिडचिड झाली, पण वाट मळलेली होती. नऊ दिवसांत ती पुन्हा पन्नासला पोचली. घसरण झाली की दोन दिवस सुट्टी घ्या आणि जिथे ती खात्रीने झोपून राहायची त्या आकड्याच्याही निम्म्यापासून सुरू करा.

आठव्या महिन्यात ती चार तास एकटी राहायला लागली आणि तिला घर मिळालं. वहीसकट पाठवली. नवी जागा, नवं दार, त्यामुळे तिथल्या काकांनी पहिल्या पानापासून धरलं: कडी, पाच वेळा, बस. तिथे चार तासांवर यायला सहा आठवडे लागले.